प्रार्थनेला उशिरा येणारी मुलगी

त्या वर्षी मार्चातच शाळा सकाळची करावी लागली. लोहा तालुक्यातलं ते गाव. आड आटले, बोअर गचके द्यायला लागले, टँकर दिवसाआड यायचा. साडेसातला प्रार्थना व्हायची, तेव्हा निम्मी पोरं रांगेत असायची आणि निम्मी घागरींच्या रांगेत. उशिरा येणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं. कारण सगळ्यांनाच माहीत होतं.

माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी मात्र रोज उशिरा यायची आणि तिचे पाय कोरडे असायचे. पाण्याहून येणाऱ्या पोरांच्या पायाला चिखल लागलेला असतो, फ्रॉकचा काठ ओला असतो. ही कोरडी ठणठणीत. शिवाय तिचा बाप टँकरवरच ड्रायव्हर होता. पाण्यासाठी तिला थांबावं लागतंय, हे काही माझ्या मनाला पटेना.

एके दिवशी प्रार्थना चालू असताना मी मुद्दाम फाटकाकडे तोंड करून उभी राहिले. ती आली. एक हात भिंतीला टेकवत, उजवा गुडघा न वाकवता, पाय काठीसारखा पुढं टाकत आली. फ्रॉकची मागची दोन बटणं उघडी. वेणीचा निम्मा पेड सुटलेला. ती चाल मी ओळखली. आरशात नव्हे, आतून ओळखली.

प्रार्थना संपल्यावर तिला कडेला घेतलं आणि विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या तुझी मूठ वळते का गं?"

ती बघतच राहिली. "न्हाई वळत. तुमाला कोन सांगितलं?"

"आणि दहा-अकरा वाजेपर्यंत सुटतात ना हात?"

"हाव. मग पळता पन येतंय मला."

मी माझे दोन्ही हात तिच्यापुढं धरले. माझी मनगटं सरळ होत नाहीत, डाव्या हाताची दोन बोटं हंसाच्या मानेसारखी वळलेली आहेत. वर्गातल्या पोरांना सवय झालेली, त्यामुळं तिनंही आजवर ती नीट पाहिलीच नव्हती. आता तिनं माझं बोट धरून हळूच वाकवून पाहिलं. "दुखतंय का?" तिनंच मला विचारलं.

हसू आलं आणि डोळेही भरले. त्या दिवशी मी काय शिकवलं, देव जाणे.

माझं सांगते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचं अहमदपूरला किराणा दुकान. वडील रोज सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला भस्म लावून दुकान उघडायचे. जिल्हा झाल्याचा त्यांना इतका आनंद की दुकानाच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' त्यांनी स्वतः खरवडून काढलं आणि रंगाऱ्याची वाट न बघता 'जिल्हा लातूर' असं वाकडंतिकडं लिहून टाकलं. माझे सांधे सुजायला त्याच वर्षी लागले. आई म्हणायची पोर कामचुकार झाली. वडील म्हणाले, "आता काय, जिल्हा जवळ आला. मोठ्या डॉक्टरला दाखवू." लातूरला जाताना त्यांनी मला नवा फ्रॉक घेतला होता, जणू लग्नालाच निघालो होतो.

डॉक्टर भला माणूस होता. पण त्यानं तरी काय करावं? त्या वेळी त्याच्या हातात होतं तेवढं त्यानं दिलं. ॲस्पिरिनच्या गोळ्या, ज्यांनी माझे कान दिवसभर गुणगुणायचे. हाताला बांधायला पट्ट्या. आणि विश्रांती. "हलू देऊ नका. मोठी झाली की जाईल," असं सांगून त्यानं पाठवलं. मी हलले नाही. सांधे होते तिथंच आखडले. चौदाव्या वर्षी वर्गात डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून मी तो हातानं झाकला, आणि समोरचा फळा नाहीसा झाला. उजव्या डोळ्यानं दिसणं कधी थांबलं, ते मला कळलंच नव्हतं. दुखलं नाही, लाल झाला नाही. सांध्यांच्या आजारात डोळाही आतून सुजतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून त्या मुलीच्या घरी मी त्याच दुपारी गेले.

तिची आई उन्हात ज्वारी पाखडत होती. "काय न्हाई झालं मॅडम तिला," ती म्हणाली. "सकाळी काम सांगितलं की हात आखडतेत, दुपारी लंगडी खेळताना बरी आखडत न्हाईत. नाटकं करून राहिली नुसती." मग थोडं थांबून, आवाज खाली घेत, "गुडघा सुजला व्हता म्हनून बिब्बा घातला. पंधरा दिस झाले." पोरीच्या गुडघ्यावर बिब्ब्याचे काळे डाग होते आणि त्या डागांखाली गुडघा पपईसारखा गोल झालेला. हात लावला तर गरम.

बाप संध्याकाळी टँकर लावून आला. केसांपासून बुटांपर्यंत धुळीनं माखलेला, आवाज बसलेला. गावोगाव भांडणं सोडवून त्याचा घसा गेला होता. मी बोलत राहिले आणि तो माझ्या हातांकडं बघत राहिला.

"म्हंजे असं व्हतं?" त्यानं विचारलं.

"औषध नाही केलं तर असं होतं. माझ्या वेळी औषध नव्हतं. आता आहे, एवढंच मला ठाऊक आहे."

खरं तर मला नीट ठाऊकही नव्हतं. शाळेतल्या पोरांची तब्येत तपासायला गाडी येते, त्या गाडीतल्या एका तरुण डॉक्टरणीनं माझे हात बघून मागच्या वर्षी सहज म्हटलं होतं, "मॅडम, तुम्ही आत्ता लहान असता तर हे होऊ दिलं नसतं." ते वाक्य मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरत होते. दुसऱ्या दिवशी तिला फोन लावला. ती म्हणाली, लातूरच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा बाहेरून डॉक्टर येतात, लहान मुलांच्या सांध्यांच्याच डॉक्टर आहेत त्या. लहान मुलांच्या सांध्यांचा वेगळा डॉक्टर! मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये उभ्याउभ्याच टाळी वाजवली. मुख्याध्यापकांना वाटलं, लातूरसारखी पाण्याची रेल्वे नांदेडलाही येणार म्हणून बातमी आली.

बापाला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. "एक खेप चुकली तर गाव मला उभा जाळंल," तो म्हणाला. पण ठरलेल्या दिवशी पहाटे रिकामा टँकर भरायला नेताना त्यानं आम्हा तिघींना केबिनमध्ये घेतलं आणि वाकडी वाट करून रस्त्यावर, एसटी थांबते तिथं सोडलं. पोरीला त्यानं स्वतः उचलून खाली ठेवलं. सकाळी तिला पायरी उतरता येत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणजे त्याला आधीपासूनच माहीत होतं. नाटक नाही, हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं, इतकंच.

लातूर ओळखू येत नव्हतं. गल्लोगल्ली रंगीबेरंगी घागरी, ड्रम, सायकलला लटकवलेले कॅन. दवाखान्याच्या नळावर 'पाणी नाही' असं लिहून चिकटवलेलं. पण आतल्या बाकांवर बसलेली पोरं बघून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दहा-बारा पोरं. कुणाचं मनगट सुजलेलं, कुणाची मान एका बाजूला धरलेली. काही तर मजेत पळापळ करत होती, त्यांच्या आयांनी सांगितल्यावर कळलं की तीही आजारीच होती, औषधावर होती. पळत होती! मी आयुष्यात माझ्यासारखं दुसरं मूल पाहिलेलं नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी एका बाकावर इतकी पाहिली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बुटक्या, बोलायला भरभर. त्यांनी पोरीचा एकेक सांधा हातात घेऊन बघितला, जबड्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. आईला वाटत होतं, बिब्ब्यावरून ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. "काहीतरी करावं वाटलं म्हणून केलंत ना ताई? आता नका करू," एवढंच म्हणाल्या.

आईनं जपून आणलेला कागद पुढं केला. गुडघा सुजला तेव्हा गावाकडं एका ठिकाणी रक्त तपासलं होतं आणि वात नाही असा निकाल आला होता. डॉक्टरीणबाईंनी तो वाचून बाजूला ठेवला. "लहान मुलांमध्ये ही तपासणी बहुतेक वेळा नॉर्मलच येते. आजार कागदात नाही, गुडघ्यात आहे. लहान मुलांचा संधिवात म्हणतात याला. म्हाताऱ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा."

"विश्रांती द्यायची ना?" मी न राहवून मध्येच विचारलं.

"अजिबात नाही! पळू दे, खेळू दे, सायकल चालवू दे. पूर्वी आम्ही वाट बघायचो, थोडं थोडं औषध वाढवायचो, मुलांना झोपवून ठेवायचो. आता कळलंय की ती वाटच सांध्यांना खाते. आता लवकर आणि नीट औषध सुरू करतो. जगभर या मुलांवर काम चाललंय मॅडम. शरीरातला कुठला निरोप चुकीचा जातोय आणि तो कसा अडवायचा, इथपर्यंत आलोय."

मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. मला प्रश्नावर प्रश्न सुचत होते, आणि त्या बाई घड्याळ न बघता उत्तरं देत होत्या. शेवटी पोरगीच कंटाळून म्हणाली, "मॅडम, माझा नंबर हाय."

मग सकाळचं आखडणं कमी व्हायला काय करायचं ते सांगताना त्या म्हणाल्या, "उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवायचे."

पोरीची आई हसली. चिडून नाही, खरंच हसू आलं तिला. "पानी, डाक्टरीनबाई?"

त्यांचं पेन थांबलं. त्या बाहेरगावच्या होत्या, त्यांच्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं होतं. त्यांनी ते खोडलं. "बरोबर आहे. जाडं मीठ आहे ना घरात? तव्यावर गरम करा, फडक्यात बांधा, आधी आपल्या हाताला लावून बघा आणि मग तिच्या हातात द्या."

पण खरी कसोटी वरच्या मजल्यावर होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. आई म्हणत होती, डोळा तर चांगला आहे, बसनं परत जायला उशीर होतो. मी ऐकलं नाही. पोरीनं यंत्रावर हनुवटी टेकवली, डॉक्टरांनी उजेडाची बारीक फट तिच्या डोळ्यावर धरली. उजवा पाहिला. डावा पाहिला. पुन्हा डावा पाहिला.

"या डोळ्यात आत थोडी सूज आहे," ते म्हणाले.

"दुखतंय का गं तुला?" आईनं घाबरून विचारलं. पोरीनं मान हलवली. नाही.

"दुखत नाही, म्हणूनच तर शोधावी लागते. वेळेवर आलात. थेंब सुरू करू. नजर शाबूत आहे."

नजर शाबूत आहे. मी जिन्यात आले आणि कठड्याला धरून उभी राहिले. वाईट वाटत नव्हतं. माझ्या गेलेल्या डोळ्याचं दुःख कधीच जुनं झालं होतं. मला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं, की सापडला, चोरी होण्याआधी चोर सापडला! जिन्यातून येणाऱ्या एका अनोळखी म्हातारबाबांना मी सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "लई चांगलं झालं बाई," आणि वर गेले.

निघण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पोरीला पुन्हा जवळ बोलावलं. एक कागद समोर ठेवला. "हे बघ, तुझ्या आजाराची माहिती आम्ही संशोधनासाठी लिहून ठेवू का? तुझं नाव कुणाला सांगणार नाही. खूप गावांतल्या मुलांची माहिती एकत्र पाहिली की पुढच्या मुलांना कुठलं औषध द्यायचं ते लवकर समजतं. तुझी आई हो म्हणाली आहे. पण तू नाही म्हणालीस तर नाही लिहिणार. औषध तुला मिळणारच आहे."

पोरीनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मला इचारून राहिल्या?"

"हो, तुलाच."

"त्याला आनकी रगत काडतेत का?"

"नाही. आज काढलं तेवढंच."

"मग लिहा." आणि पेन अख्ख्या मुठीत धरून, जीभ दातात दाबून, तिनं आपलं नाव लिहिलं. दोन ओळींत मावेना एवढ्या मोठ्या अक्षरात. मी शिक्षिका, रोज शंभर वह्या तपासते, पण त्या सहीनं माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "डॉक्टर, माझी पण घ्या ना माहिती." त्या हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि बाहेर रांग असतानाही मला माझ्या आठव्या वर्षापासून सगळं विचारलं. एका कोऱ्या कागदावर लिहूनही घेतलं. इतक्या वर्षांत मला असं कुणीच विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला तिच्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं. आणि आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यातून एकदाच, रोज नाही, चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरीणबाईंनी आईकडून तीनदा म्हणवून घेतलं. मी त्यांच्या घराच्या भिंतीवर खडूनं मोठ्ठं 'रविवार' लिहून आले. सोमवारी पोरीला मळमळायचं, जेवण नको व्हायचं. दर काही दिवसांनी रक्त तपासायला लोह्याला जावं लागायचं. ती रडायची, हात मागं लपवायची. हे सगळं गोड नव्हतं.

मिठाची पुरचुंडी काही दिवस चालली. मग एके सकाळी बापानंच बायकोला सांगितलं, "अख्ख्या तालुक्याला पानी पाजून राहिलो, माझ्या पोरीच्या हाताला एक तांब्या भेटंना का?" तेव्हापासून चुलीवर एक तांब्या कोमट होऊ लागला. पोरीनं त्यात हात बुडवले की तेच पाणी शेळीला. शेळीही त्या वेळेला बरोबर उंबऱ्यात येऊन उभी राहायची.

शाळेला उन्हाळी सुट्टी लागायला थोडे दिवस होते. साडेसातला घंटा झाली, मी प्रतिज्ञा सांगायला पुढं उभी राहिले. 'भारत माझा देश आहे' म्हटलं आणि पोरांनी मागून म्हटलं. दुसऱ्या ओळीला माझी नजर रांगेवर गेली. तिसरीच्या रांगेत, उंचीप्रमाणं तिसरी, ती उभी होती. वेणी दोन्ही बाजूंनी घट्ट, रिबिनीसकट. बटणं लावलेली. हात पुढं केलेला, सरळ. मी पुढची ओळच विसरले. वीस वर्षं रोज म्हणत आलेली प्रतिज्ञा! सगळी शाळा माझ्या तोंडाकडं बघत उभी. मुख्याध्यापकांनी हळूच ओळ सुचवली, तर माझ्या तोंडून शब्दाऐवजी हसूच फुटलं. मग पोरंही हसली, कशाला ते न कळता.

वेणी कुणी घातली, असं मी नंतर तिला विचारलं. "मीच," ती म्हणाली. "आयला टाईम न्हवता."

आजार तिथं संपला नाही. पाऊस पडला, टँकर बंद झाले, बाप आडतीवरच्या टेम्पोवर लागला. पोरीचे सांधे शांत होते, पण वर्षभरानं डावा डोळा पुन्हा आतून सुजला, थेंबांना दाद देईना. मग दुसरं, नव्या पद्धतीचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं. आधी क्षयाची तपासणी, छातीचा फोटो, मग दवाखान्यानं अर्ज करून ते मिळवून दिलं. ते औषध थंडच ठेवावं लागतं. बाप टेम्पोत थर्मास घेऊन लातूरला जायचा, बर्फाच्या पिशव्यांमध्ये इंजेक्शन ठेवून वाटेत कुठंही न थांबता यायचा. गावात फ्रिज दोनच, त्यातला एक दुकानदाराचा. थंड पेयांच्या बाटल्यांशेजारी तो डबा ठेवलेला असायचा, आणि त्याला कुणी हात लावला तर दुकानदार खेकसायचा, "ए, डोळा हाय त्यात पोरीचा!"

इंजेक्शन टोचायला आईच शिकली. पहिल्यांदा टोचताना पोरीनंच तिचं मनगट धरलं.

डोळा वाचला. आता ती नांदेडला कॉलेजात आहे, स्कूटी चालवते, स्वतःची तपासणी स्वतः लक्षात ठेवते. मध्यंतरी औषध थांबवून पाहिलं होतं. काही महिने सगळं बरं गेलं, मग मनगट पुन्हा धरलं. या वेळी कुणी ओळखायची वाट बघावी लागली नाही. तिनंच डॉक्टरांना फोन केला, मग आईला, मग मला. औषध पुन्हा चालू आहे. कुठल्या मुलांचं औषध कधी बंद करता येईल, यावरही काम चालू आहे म्हणे. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझं पण लिहा त्यात, बंद केल्यावर काय झालं ते." हे सगळं ती मला फोनवर सांगत होती, आणि मी रस्त्यातच उभी राहून ऐकत होते, मागं रिक्षावाला हॉर्न वाजवतोय याचंही भान नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात किनवटकडच्या एका वसतिगृहातून फोन आला. तिथली अधीक्षिका माझी जुनी विद्यार्थिनी. एक सहा वर्षांची मुलगी सकाळी उठत नाही, आळशी आहे म्हणून बाकीच्या चिडवतात, तुम्ही एकदा बघता का, असं ती म्हणाली. मी नांदेडहून गाडी पकडली. माझ्याबरोबर कॉलेज बुडवून तीही आली. भोकर मागं पडलं, सागाची झाडं सुरू झाली, आणि ही मला सांगत होती की लहान पोरीशी आपण दोघींनी एकदम बोलायचं नाही, ती घाबरेल. "आधी मी बोलते," ती म्हणाली. "तुमचे हात नंतर दाखवा."

वसतिगृहाच्या अंगणात ती छोटी पायरीवर उन्हाला बसली होती. हिनं चप्पल काढली, तिच्या शेजारी जाऊन बसली, आणि दोघी किती तरी वेळ कोंबड्यांबद्दलच बोलत राहिल्या. मग हिनं तिथूनच मान वर करून मला खूण केली आणि अधीक्षिकेला विचारलं, "लातूरला दाखवायला हिच्या घरच्यांना कधी बोलावता येईल?"

"रविवारी येतात ते," अधीक्षिका म्हणाली.

आम्ही दोघी रविवारपर्यंत तिथंच राहिलो.